आकाशमार्गाचें अंतर आणि दिग्रसची वाट

मुंबई आणि नागपूर या दोन शहरांमधील अंतर किती, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला एकच उत्तर देतां येत नाहीं. आगगाडीनें तें ८३७ किलोमीटर भरतें. कारण १८६७ सालीं नागपुरास पोंचलेला जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग भुसावळ, बडनेरा, वर्धा अशीं ठिकाणें घेत घेत जातो. ठाणें जिल्ह्यांतील आमणें या गांवापासून नागपूरपर्यंतचा समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. आणि दोन्ही विमानतळांवर दोऱ्याचीं टोकें धरून तो पृथ्वीच्या गोलावर ताणला, तर दोरा लागतो सुमारें ६८५ किलोमीटरांचा. विमानाची वाट बहुतांशीं ही दोऱ्याची वाट होय. म्हणूनच वेळापत्रकांत या प्रवासापुढें दीड तासाच्या आसपासचा आंकडा छापलेला असतो.

हे सर्व आंकडे खरे आहेत. तथापि आमच्यासारखा दिग्रसचा मनुष्य ते वाचूं लागला म्हणजे यांतील एकही आपल्यासाठीं लिहिलेला नाहीं असें त्याच्या ध्यानांत येतें. दिग्रस हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखांत तें मोडतें आणि घंटीबाबांच्या स्थानामुळें भाविकांस परिचित आहे. सरळ रेषेनें मोजल्यास येथून नागपूर सुमारें १७७ किलोमीटर ईशान्येस आणि मुंबई सुमारें ५२० किलोमीटर पश्चिमेस. मुंबई-नागपूर ही आकाशरेषा गांवाच्या उत्तरेकडून अवघ्या साठ किलोमीटरांवरून जाते. ज्याच्या जवळून वाट जाते पण ज्याच्या दारीं ती थांबत नाहीं अशा गांवावरून पाहिलें असतां हवाई प्रवासाचा इतिहास कसा दिसतो, तें वाचकांपुढें मांडावें असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, अंतर ही निसर्गाची वस्तु आणि वेळ ही मनुष्याची. नागपूर व मुंबई यांमधील ६८५ किलोमीटर भोंसल्यांच्या काळीं होते तेवढेच आजहि आहेत. बदलत गेली ती वेळ. आणि ती केवळ यंत्रांनीं बदलली असें समजणें चुकीचें होईल.

यंत्रांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे खरा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी टाटा यांनीं कराचीहून टपालाची थैली घेऊन एकट्यानें उड्डाण केलें. विमान होतें लहानसें ‘पस मॉथ’; टपालाचें वजन पंचवीस किलोंच्या आसपास. अहमदाबादेस उतरून, तेथें बैलगाडींतून आणलेलें पेट्रोल भरून घेऊन ते मुंबईस जुहूच्या मैदानावर आले. पुढें बेल्लारीमार्गें मद्रासला ती डाक नेली त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनीं. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें, दिशा दाखविणारें साधन जमिनीवरहि नव्हतें. नदी, डोंगर, आगगाडीचे रूळ हीच खूण. हें यंत्र ताशीं एकशें साठ किलोमीटरांच्या बेतानें जाई. त्या गतीनें मुंबई-नागपूर अंतर काटावयास चार तासांहून अधिक वेळ लागता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विकून टाकलेलीं ‘डाकोटा’ विमानें स्वस्तांत मिळूं लागलीं. त्यांना हेंच अंतर अडीच तासांचें. १९५७ मध्यें आलेल्या ‘व्हायकाउंट’ विमानांची गति ताशीं पांचशेंच्या घरांत, म्हणजे आकाशांत दीड तासाहूनहि कमी. त्यानंतर जेट विमानें आलीं आणि ताशीं आठशें किलोमीटर ही सामान्य गोष्ट झाली.

आठशेंच्या गतीनें ६८५ किलोमीटर म्हणजे सुमारें एकावन्न मिनिटें. मग वेळापत्रकांत दीड तास कां? कारण वेळापत्रकांतील वेळ ही विमानाचीं चाकें मुंबईस हललीं तेव्हांपासून नागपुरास थांबेपर्यंतची. धांवपट्टीपर्यंत रांगत जाणें, आपली पाळी येईतों उभें राहणें, वर चढणें, खालीं येणें, गर्दी असल्यास घिरट्या घालणें हें सर्व तींत आलें. वाऱ्याचाहि हिस्सा असतो. हिंवाळ्यांत उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, तेव्हां नागपुराकडे जाणारें विमान लौकर पोंचतें आणि मुंबईकडे येणारें रेंगाळतें. सारांश, जेट विमानें येऊन अर्धें शतक लोटलें तरी या प्रवासाची छापील वेळ फारशी घटलेली नाहीं. आकाशांतील बचत संपली. उरलेली सारी वेळ जमिनीवरची आहे. आमच्या विषयाचें मर्म येथेंच आहे.

जमिनीवरच्या या वेळेचा विचार करणारी एक व्यवस्था आमच्या विदर्भांत एकेकाळीं होऊन गेली. तिचें नांव रात्रीची हवाई डाक. १९४९ च्या जानेवारीअखेर ती सुरू झाली. तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई हे तिचे पुरस्कर्ते. योजना अगदीं साधी होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्रीं एकेक विमान निघावें. चारहि विमानांनीं मध्यरात्रीनंतर नागपुरास सोनेगांवच्या तळावर एकत्र यावें. थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करावी. आणि उजाडतां उजाडतां आपापल्या घरीं परत जावें. नागपूरच कां, याचें उत्तर नकाशा देतो. तेथून मुंबई ६८५, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर. डाकोटाच्या गतीनें हे अडीच ते साडेतीन तास झाले. म्हणजे एका रात्रींत जाऊन परत येण्यास बेताचे. चार शहरांपैकीं कोणाच्याहि नशिबीं फार लांबचा हेलपाटा येत नसे. देशाच्या मध्यावर असणें ही एरव्हीं केवळ भूगोलाच्या पुस्तकांतली गोष्ट. त्या चोवीस वर्षांत ती रोज रात्रीं प्रत्यक्ष उपयोगाला येई.

परंतु आमच्या मतें या योजनेचें खरें मोठेपण दुसरीकडे आहे. १ एप्रिल १९४९ पासून डाकखात्यानें असें ठरविलें कीं, विमानानें जाऊन जें पत्र लौकर पोंचेल तें जादा आकार न घेतां विमानानेंच न्यावें. तोंवर हवाई टपाल ही सधनांची चैन होती. निळें लेबल आणि वरचे पैसे ज्याच्यापाशीं, त्याचेंच पत्र उडे. आतां साधें तिकीट लावलेलें पत्रहि उडूं लागलें. दिग्रसच्या पेटींत टाकलेलें पत्र मोटारीनें आणि आगगाडीनें नागपूर गांठी, रात्रीं सोनेगांवीं चढे आणि सकाळीं दूरच्या महानगरीं उतरे. दिग्रसला विमानतळ नव्हता, त्याची जरूरीहि नव्हती. मोटार, आगगाडी आणि विमान या तिघांचें वेळापत्रक एकमेकांशीं बांधलेलें होतें, इतकेंच पुरेसें झालें.

या ठिकाणीं आमच्या घरांतील एक हकीकत सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. ती आम्ही वडिलांच्या तोंडून अनेकदां ऐकली आहे. १९५५ सालीं आमचे आजोबा दिग्रसला आजारी पडले. थोरले काका कलकत्त्यास एका कचेरींत कारकून होते. त्या काळीं तार म्हणजे मरणाची वार्ता असा समज होता. आजोबा शुद्धीवर होते आणि घरीं तार करूं नका असें त्यांनीं निक्षून सांगितलें. म्हणून वडिलांनीं, ते तेव्हां विशीचे होते, काकांना पत्र लिहिलें: “दादा, बाबांची प्रकृति ठीक नाहीं. तुमची फार आठवण काढतात. रजा मिळाल्यास यावें.” तें पत्र तिसऱ्या दिवशीं सकाळीं काकांच्या हातीं पडलें. काका त्याच रात्रीं निघाले. पण ते आगगाडीनें निघाले. रात्रीच्या डाकविमानांत उतारूंनाहि जागा असे. परंतु तें भाडें कारकुनाच्या पगारांत बसणारें नव्हतें. हावड्याहून नागपूरपर्यंतच अकराशें एकतीस किलोमीटर. पुढें बडनेरा ओलांडून मूर्तिजापूर. तेथें रात्र काढून अरुंद मापाच्या गाडीनें दारव्हा. आणि दारव्ह्याहून मोटारीनें दिग्रस. काका घराच्या ओसरीवर चढले तेव्हां अस्थि वेंचून झाल्या होत्या.

पुढें कित्येक वर्षांनीं काका म्हणत असत, “पत्र उडत गेलें, माणूस रखडत आला.” त्यांच्या बोलण्यांत कडवटपणा नसे. पत्र जर आगगाडीनें गेलें असतें तर आपल्याला बातमीच मरणानंतर कळली असती, असेंहि ते जोडून सांगत. आम्हांस या एका वाक्यांत हवाई प्रवासाचा सारा इतिहास दिसतो. यंत्र तेंच, रात्र तीच, अंतर तेंच. कागदाच्या तुकड्याला सरकारनें आकाशाची वाट खुली केली होती; माणसाला ती पैशानें बंद होती.

रात्रीची डाक सुरळीत चालली असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. जमिनीवर पुरेशी साधनें नसतांना रात्रीं विमानें उडविणें योग्य नाहीं, असें टाटांचें मत होतें आणि त्यांनीं योजनेस उघड विरोध केला होता. ज्या कंपनीनें ती प्रथम पतकरली तिला ती कांहीं महिन्यांतच सोडावी लागली. मग दुसरीकडे काम गेलें. त्या वेळीं देशांत विमान-कंपन्या उदंड झाल्या होत्या आणि त्यांतील बऱ्याच तोट्यांत बुडत होत्या. १९५० सालीं न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं हवाई वाहतुकीच्या चौकशीसाठीं समिति नेमली गेली, आणि १९५३ च्या ऑगस्टांत आठ कंपन्या एकत्र करून ‘इंडियन एअरलाइन्स’ हें सरकारी मंडळ अस्तित्वांत आलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत नागपुराहून मद्रासकडे उडालेलें रात्रीचें विमान कोसळलें आणि त्यांतील चौदांपैकीं तेरा जण प्राणांस मुकले. मजूर-चळवळीचे पुढारी हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. आमच्या आजोबांच्या प्रकृतीची वार्ता ज्या वाटेनें गेली ती वाट अशी माणसांच्या जिवावर राखलेली होती, हें विसरतां येत नाहीं. १९७३ च्या ऑक्टोबरांत ही व्यवस्था बंद झाली. दिवसाचीं वेगवान विमानें वाढलीं, शहराशहरांत थेट उड्डाणें सुरू झालीं, आणि चौघांनीं मध्यावर भेटण्याचें कारण उरलें नाहीं.

या कालखंडांतच दिग्रसच्या दृष्टीनें दुसरी एक मोठी घटना घडली. तिचा विमानांशीं संबंध नाहीं असें वरवर वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भाचे जिल्हे जुन्या मध्य प्रदेशांतून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यांत आले, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. मराठी भाषिकांच्या एकीकरणाचें हें सुख आम्हींहि वांटून घेतलें. परंतु हिशेब मांडावयाचा तर असा मांडावा लागतो: ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्रीं दिग्रसकर निजला तेव्हां त्याची राजधानी १७७ किलोमीटरांवर होती, सकाळीं उठला तेव्हां ती ५२० किलोमीटरांवर गेली होती. ही उणीव जाणत्या पुढाऱ्यांच्या ध्यानांत आलेली होती. १९५३ च्या नागपूर करारांत वर्षांतून कांहीं काळ शासनाचा मुक्काम नागपुरास असावा आणि विधिमंडळाचें एक अधिवेशन तेथें भरावें असें जें कलम घातलें गेलें, त्याचा अर्थ दुसरा काय? हें अंतर लोकांनींच दर वेळीं काटावें असें नाहीं, कधीं राज्यानेंहि काटावें. तेव्हांपासून मुंबई-नागपूर हा आकाशमार्ग हिंवाळ्यांत मंत्र्यांचा, आमदारांचा आणि सचिवांचा राजमार्ग होतो. दीड तासांत राजधानी नागपुरास येते.

आतां दिग्रसहून राजधानीस जावयाचें असल्यास काय होतें तें पाहूं. नागपूरचें विमान गांठावयाचें म्हणून मनुष्य पहाटे पांच वाजतां घरून निघतो. रस्त्यानें नागपूर सव्वादोनशें किलोमीटरांच्या आसपास. दारव्हा, यवतमाळ करीत साडेनऊला तो विमानतळावर पोंचतो. दीड तास आधीं येणें भागच असतें. अकरा वाजतां विमान उडतें. उडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तें दिग्रसच्या उत्तरेकडून जातें, म्हणजे घर सोडल्यास सहा तास झाल्यावर आमचा प्रवासी आपल्याच गांवाच्या शेजारून मुंबईकडे निघालेला असतो. साडेबारास मुंबई; आणि सामान घेऊन शहरांतल्या मुक्कामीं दोन वाजतां. एकूण नऊ तास. सरळ रेषेंतील ५२० किलोमीटरांना नऊ तासांनीं भागलें तर ताशीं अट्ठावन्न किलोमीटर येतात. जेट विमानांत बसलेल्या दिग्रसकराची खरी गति ही एवढीच!

आमच्या गांवाच्या बाबतींत या हिशेबाला एक जुनी जखम आहे. दारव्ह्याहून दिग्रसवरून पुसदला जाणारा अरुंद मापाचा लोहमार्ग ब्रिटिश अमदानींत घातला गेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तो उखडून नेला गेला. साम्राज्याला लोखंड हवें होतें; आमच्या कापसाच्या गांवाला गाडी हवी होती; लोखंडाचा विजय झाला. काकांना १९५५ सालीं दारव्ह्यास उतरून मोटारीची वाट पाहावी लागली ती यामुळें. म्हणजे ज्या दशकांत नागपुराच्या आकाशांत चार दिशांचीं विमानें एकत्र येऊं लागलीं, त्याच दशकाच्या आरंभीं दिग्रसच्या पायाखालचे रूळ नाहींसे झाले. शहरें एकमेकांच्या जवळ आलीं आणि गांव होतें तेथूनहि मागें सरलें. नकाशावर मात्र कांहींच हललें नाहीं.

यावर कोणी विचारील कीं, प्रत्येक तालुक्याच्या गांवीं विमान न्यावें असें तुमचें म्हणणें आहे काय? तसें म्हणणें खचित नाहीं. यवतमाळजवळ धांवपट्टी बांधली गेली, परंतु पट्टीनें प्रवास होत नाहीं हें जिल्ह्यानें अनुभवलें आहे. १६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीच्या बेलोरा तळावरून मुंबईचें नियमित उड्डाण सुरू झालें. तो तळ दिग्रसच्या जवळजवळ थेट उत्तरेस, सरळ रेषेंत ऐंशी किलोमीटरांवर आहे. दक्षिणेस नांदेडचा तळ एकशेंदहा किलोमीटरांवर. त्या मानानें दिग्रस आज आकाशाला पूर्वींपेक्षां खूप जवळ आहे. प्रश्न आहे तो त्या ऐंशी किलोमीटरांचा. विमानाची वेळ बदलली म्हणजे दिग्रसहून सुटणाऱ्या बसची वेळ बदलते काय? संध्याकाळीं उतरलेल्या म्हाताऱ्या उतारूला त्याच रात्रीं दारव्ह्याकडे नेणारी गाडी असते काय? हीं कामें इंजिनें बनविणारांचीं नाहींत, वेळापत्रकें करणारांचीं आहेत. आणि तीं अशक्य नाहींत, याचा पुरावा सोनेगांवच्या मैदानानें चोवीस वर्षें दिलेला आहे. त्या व्यवस्थेनें विमान दिग्रसला आणलें नाहीं; दिग्रसचें पत्र विमानाच्या वेळेला नागपुरास आणलें. पत्रासाठीं जें जमलें तें माणसासाठीं जमूं नये असें कांहीं नाहीं.

एक गोष्ट मात्र समाधानाची आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरांच्या रुंद लोहमार्गास २००८-०९ च्या सुमारास मंजुरी मिळाली, आणि त्याच्या नकाशांत दारव्हा, दिग्रस व पुसद हीं तीन गांवें पुन्हां एका रेषेवर आलीं आहेत. २०२४ च्या फेब्रुवारींत वर्धा ते कळंब या भागावर गाडी धांवूं लागली. उखडलेल्या रुळांची आठवण असलेलीं माणसें आतां दिग्रसमध्यें फारशीं उरलेलीं नाहींत. आमचे वडील त्यांपैकीं एक. नवा मार्ग गांवापर्यंत आल्याचें कळलें म्हणजे आपल्याला स्टेशनावर घेऊन चला, असें त्यांनीं आम्हांला सांगून ठेविलें आहे. कलकत्त्याच्या गाडीला तेथून डबा जोडतात कीं नाहीं, तें त्यांना स्टेशन-मास्तरला विचारावयाचें आहे.